देखभाल खर्चाची ती एक ओळ

 

गेल्या रविवारी एका पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला गेलो होतो. बातमीदार म्हणून नाही, सभासद म्हणून. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही संस्थेत घडू शकतं. विषयपत्रिकेवरचे विषय 'मंजूर, मंजूर' करत भराभर पुढे सरकत होते. अंदाजपत्रक आलं तेव्हा मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ सभासद उठले आणि 'संगणक प्रणाली देखभाल व सुरक्षा' या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"गेल्या वर्षी संगणकात काय बिघडलं होतं?"

चेअरमन म्हणाले, "काहीच नाही."

"काहीच बिघडलं नाही, मग दुरुस्तीचे पैसे कशाचे?"

सभागृहात हशा पिकला. टाळ्या पडल्या. ती रक्कम निम्म्यावर आली आणि वाचलेल्या पैशातून सभासदांना दिवाळीला स्टीलचा डबा द्यायचं ठरलं. भराभर हात वर झाले. माझा हात वर गेला नाही, पण मी उठून बोललोही नाही. वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरतो, आणि त्या दिवशी बुंदी-चिवड्याची प्लेट घेऊन गुपचूप घरी आलो.

बोलायला हवं होतं. कारण 'काही बिघडलं नाही तर पैसे कशाचे' हा प्रश्न एकदा साऱ्या जगाने आपल्या वागण्यातून विचारला होता, आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याचं उत्तरही मिळालं होतं. ती बातमी तेव्हा माझ्याच टेबलावरून गेली होती.

चार ओळींची बातमी

७ एप्रिल २०१४. लोकसभा निवडणुकीचा पहिला टप्पा. आसाम आणि त्रिपुरात मतदान सुरू होतं. आमच्या नाशिक जिल्ह्यात २४ तारखेला मतदान, त्यामुळे डेस्कवर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सभा, रोड शो, बंडखोरी, कोण कुणाच्या गाडीत बसला. त्या गडबडीत एक-दोन दिवसांनी एक परदेशी बातमी आली. इंटरनेटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये मोठा दोष सापडला, त्याला 'हार्टब्लीड' असं नाव दिलंय, पासवर्ड बदला, वगैरे. मी तिच्या चार ओळी केल्या आणि आतल्या पानावर एका जाहिरातीच्या डोक्यावर जागा होती तिथे भरल्या. खरं सांगतो, मला ती कळलीच नव्हती.

कळली ती मावसभावामुळे. तो पुण्याला हिंजवडीत एका आयटी कंपनीत होता. त्या आठवड्यात मावशीच्या घरी एक कार्यक्रम होता आणि हा पठ्ठ्या आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "दादा, तीन रात्री घरी गेलो नाहीये. जगातलं निम्मं कुलूप तुटलंय आणि तू मला जेवायला बोलावतोयस." निम्मं म्हणजे त्याच्या भाषेत. पण पुढे अनेकदा त्याच्याकडून समजून घेतलं, स्वतःही वाचलं, आणि लक्षात आलं की त्या वर्षातली एक मोठी गोष्ट मी चार ओळींत गुंडाळली होती.

हे कुलूप आलं कुठून?

आपण बँकेची वेबसाइट उघडतो तेव्हा पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असतं. त्यातला शेवटचा 'एस' म्हणजे सुरक्षित. आपला मोबाइल आणि बँकेचा संगणक यांच्यात जे बोलणं होतं ते कूटलिपीत होतं, मधल्या कुणाला ऐकू गेलं तरी अर्थ लागत नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीने ही पद्धत आणली. इंटरनेटवर दुकानदारी करायची तर लोकांचे कार्ड नंबर उघड्यावर पाठवून चालणार नव्हतं.

पण तेव्हा अमेरिकेच्या कायद्यात मजबूत कूटलिपीची गणना शस्त्रास्त्रांसारखी व्हायची. ती देशाबाहेर पाठवायला कडक बंधनं. मग ऑस्ट्रेलियातल्या एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी १९९५ च्या सुमारास ही पद्धत स्वतः पहिल्यापासून लिहून काढली आणि जगाला फुकट देऊन टाकली. तिचं नाव 'एसएसएलईएवाय'. शेवटची तीन अक्षरं ही एरिक यंग यांची आद्याक्षरं. १९९८ मध्ये ते दोघं एका कंपनीत गेले आणि तो कोड पोरका झाला. इतर काही जणांनी तो उचलला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'ओपनएसएसएल' या नावाने पुढे चालवायला घेतला.

तांत्रिक भाषेत याला 'लायब्ररी' म्हणतात. आपल्या सार्वजनिक वाचनालयाशी संबंध नाही. तयार कोडचा संच, इतकाच अर्थ. ज्याला आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कुलूप बसवायचं आहे त्याने ते स्वतः घडवू नये, हा तयार संच जोडून घ्यावा. लायब्ररी फुकट, कोड सर्वांना उघडा, कुणालाही वापरायला मोकळीक. मग काय, सगळ्यांनीच वापरली. २०१४ साली जगातल्या चालू वेबसाइटपैकी ६६ टक्क्यांहून जास्त वेबसाइट अपाची आणि एनजिनएक्स या दोन सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालायच्या आणि कुलपासाठी या दोन्हींची भिस्त सहसा ओपनएसएसएलवर होती.

'जागा आहेस का?'

आता दोष काय होता ते. दोन संगणकांत एकदा सुरक्षित जोडणी झाली की ती चालू आहे का बंद पडली, हे अधूनमधून तपासावं लागतं. त्यासाठी 'हार्टबीट' म्हणजे हृदयाचा ठोका अशी एक सोय ठरवली गेली. एका बाजूने छोटा संदेश पाठवायचा, दुसऱ्या बाजूने तोच जसाच्या तसा परत करायचा. म्हणजे दोघंही जागे आहेत हे कळतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये या सोयीचे नियम अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. ते लिहिणाऱ्या तिघांपैकी एक होते जर्मनीतले रॉबिन सेगेलमान. तेव्हा ते संशोधक विद्यार्थी होते. ओपनएसएसएलसाठी त्या सोयीचा कोडही त्यांनीच लिहून दिला.

मावसभावाने मला ते असं समजावलं होतं.

"दादा, समज काउंटरवर कारकून बसलाय. तू चिठ्ठी दिलीस. त्यावर 'राम' लिहिलंय. तू म्हणालास, 'दोन अक्षरं आहेत, परत वाचून दाखवा.' कारकून ती चिठ्ठी समोरच्या उघड्या वहीवर ठेवतो आणि 'राम' वाचून दाखवतो. काम झालं. आता दुसरा माणूस येतो. त्याच्या चिठ्ठीवरही 'राम'च आहे, पण तो म्हणतो, 'यात पासष्ट हजार अक्षरं आहेत, वाचून दाखवा.' कारकून अक्षरं मोजतच नाही. तो 'राम' वाचतो, चिठ्ठी संपते, तरी थांबत नाही. वहीत चिठ्ठीच्या पुढे जे काही लिहिलंय ते वाचत सुटतो. कुणाचा खाते नंबर, कुणाचा पासवर्ड. आणि नशीब फुटकं असेल तर तिजोरीची किल्ली कशी आहे तेसुद्धा."

ती वही म्हणजे संगणकाची मेमरी. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा बाहेर यायचा, आणि मागणारा हवं तितक्या वेळा मागू शकायचा. दर वेळी वहीचं वेगळं पान. ही लायब्ररी सी नावाच्या जुन्या आणि वेगवान संगणकीय भाषेत लिहिलेली. ती भाषा लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. 'इथून इतकी अक्षरं उचल' म्हटलं की उचलते, ती कुणाची आहेत हे विचारत नाही. विचारायचं काम कोड लिहिणाऱ्याचं. तेवढी एक तपासणी लिहायची राहून गेली.

यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट अशी, की सांगितलेली लांबी खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तो संदेश मुकाट्याने टाकून द्यायचा, हा नियम त्या प्रसिद्ध झालेल्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेला होता. म्हणजे ज्याने नियम लिहायला हात लावला त्याच्याच हातून कोडमध्ये तो सुटला.

सेगेलमान यांचा कोड ओपनएसएसएलच्या टीममधले ब्रिटनचे स्टीफन हेन्सन यांनी तपासला आणि मूळ संचात सामील केला. त्याची वेळ नोंदलेली आहे. ३१ डिसेंबर २०११, ब्रिटनच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजायला तीन सेकंद कमी. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारीची पहाट होती. १४ मार्च २०१२ रोजी तो कोड असलेली १.०.१ ही आवृत्ती बाहेर पडली आणि जगभर बसवली गेली. पुढची दोन वर्षं हे भगदाड तसंच उघडं राहिलं.

माझा ३१ डिसेंबर

लोक म्हणतील, थर्टी फर्स्टच्या रात्री काम केलं की असंच होणार. मी तसं म्हणणार नाही, कारण माझाही एक थर्टी फर्स्ट आहे.

डेस्कवर नवा होतो. ३१ डिसेंबरच्या रात्री अर्धा स्टाफ गायब, पानं लवकर सोडायची घाई. बाजारभावाचा चौकोन माझ्याकडे होता. कांद्याचा सरासरी भाव क्विंटलला १,१५० होता, मी १,५१० टाइप केला. आमचे प्रूफरीडर काका एरवी काना-मात्रेची चूक सोडायचे नाहीत. त्यांनी ते पान वाचलं आणि सही केली. आकडे मी बातमीदाराच्या कागदाशी ताडून पाहिले असतील असं त्यांनी गृहीत धरलं. आणि काका बघतीलच, असं मी.

दोन दिवसांनी सकाळी एक शेतकरी ऑफिसला आले. पेपर घडी करून खिशात ठेवलेला. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, पेपर बघून गाडी लावली हो. भाडंसुद्धा अंगावर आलं." आम्ही दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दिलगिरी छापली. ती त्यांनी वाचली की नाही माहीत नाही.

म्हणून सेगेलमान यांच्यावर पुढे जगभरातून टीका झाली, त्यांनी हे मुद्दाम केलं असाही संशय घेतला गेला, तेव्हा मला त्यांचं वाईट वाटलं. ते पुढे आले आणि सरळ सांगितलं की लांबी तपासायची माझ्याकडून राहिली, तपासणाऱ्याच्याही लक्षात आली नाही, हेतू काही नव्हता. कोड त्यांनी एक पैसा न घेता दिलेला होता, आणि त्याच लायब्ररीतल्या इतर अनेक चुका त्यांनीच दुरुस्तही केल्या होत्या. एक माणूस चुकतो, दुसऱ्याच्या नजरेतून ते निसटतं, हे रोज सगळीकडे होतं. खरा प्रश्न असा, की तिसरा माणूस कुठे होता?

पंचनामा न होणारी चोरी

दोष सापडला तो योगायोगाने जवळपास एकाच सुमारास दोन ठिकाणी. गूगलच्या सुरक्षा विभागातले नील मेहता आणि फिनलंडमधल्या कोडेनॉमिकॉन या कंपनीचे इंजिनिअर, दोघांनाही एकमेकांची कल्पना नसताना. ७ एप्रिलला दुरुस्त आवृत्ती, १.०.१जी, प्रसिद्ध झाली आणि बातमी फुटली. फिनलंडच्या कंपनीने दोषाला नाव दिलं, रक्त ठिबकणाऱ्या लाल हृदयाचं चिन्ह केलं, वेबसाइट काढली. सॉफ्टवेअरमधल्या चुकांना तोवर क्रमांक असायचे. याचाही आहे, सीव्हीई-२०१४-०१६०. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते नाव आणि चिन्ह.

नेटक्राफ्ट या संस्थेच्या तेव्हाच्या अंदाजानुसार मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्या सुरक्षित वेब सर्व्हरपैकी सुमारे १७ टक्के, म्हणजे पाच लाखांच्या आसपास, या दोषाच्या तडाख्यात होते. गंमत अशी, की ज्यांनी जुनीच आवृत्ती चालू ठेवली होती ते वाचले. त्यांच्याकडे हार्टबीट नव्हतंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

क्राइम रिपोर्टिंग मी बरीच वर्षं केलं. चोरी झाली की कुलूप तुटलेलं दिसतं, कपाट उचकटलेलं दिसतं, पोलीस पंचनामा करतात. इथे काहीच दिसत नव्हतं. असा फसवा ठोका कुणी पाठवला तर सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींत त्याची खूण उरत नसे. त्यामुळे दोन वर्षांत कुणी काय नेलं, नेलं की नाही, हे कुणालाच छातीठोक सांगता येईना. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला हा दोष आधीपासून माहीत होता आणि ती तो वापरत होती, अशी बातमी ब्लूमबर्गने दिली. एनएसए आणि अमेरिकी सरकारने ती साफ नाकारली.

तिजोरीची किल्ली खरंच अशी बाहेर येऊ शकते का, यावरही वाद होता. क्लाउडफ्लेअर या कंपनीला ते फार अवघड वाटत होतं. तिने दोष असलेला एक सर्व्हर मुद्दाम उघडा ठेवला आणि जगाला आव्हान दिलं की काढून दाखवा किल्ली. काही तासांत लोकांनी काढून दाखवली. म्हणजे नुसती दुरुस्ती करून भागणार नव्हतं. किल्लीची नक्कल आधीच कुणाकडे गेली असेल तर कुलूपही नवं आणि किल्लीही नवी हवी. मावसभावाच्या त्या तीन रात्री याच कामात गेल्या.

काही चोऱ्या मात्र उघड झाल्या. कॅनडाच्या कर खात्याने ऐन विवरणपत्रांच्या हंगामात आपली ऑनलाइन सेवा बंद केली, तरी तेवढ्यात सहा तासांच्या अवधीत सुमारे ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेल्याचं उघड झालं. मुदत ३० एप्रिलवरून ५ मेपर्यंत वाढवावी लागली आणि एका १९ वर्षांच्या मुलाला अटक झाली. ब्रिटनमध्ये पालकांसाठी असलेल्या मम्सनेट या वेबसाइटवर कुणीतरी थेट संस्थापिकेच्याच खात्यात शिरून दाखवलं.

पहारेकऱ्याचा पगार

आणि मग लोकांनी पहिल्यांदा विचारलं, की हे कुलूप सांभाळतं कोण?

उत्तर ऐकून जग चक्रावलं. बँका, सरकारं, गूगल, फेसबुक, ॲमेझॉन, सगळे ज्याच्यावर विसंबून होते ते ओपनएसएसएल सांभाळणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बहुतेक जण आपापली नोकरी करून उरलेल्या वेळात हे काम करायचे. पूर्ण वेळ एकच माणूस, तेच स्टीफन हेन्सन. प्रकल्पासाठी पैसे उभे करण्याचं काम अमेरिकेतले स्टीव्ह मार्क्वेस बघायचे. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की वर्षाला देणग्या यायच्या साधारण २,००० डॉलर. तेव्हाच्या दराने सुमारे १ लाख २० हजार रुपये. आमच्या तालुक्यातल्या मध्यम गणेश मंडळाची वर्गणी याहून जास्त जमते.

मग घर कसं चालायचं? कंत्राटांवर. एखाद्या कंपनीला अमुक सोय हवी, तमुक सरकारी मान्यता हवी, की ती त्या कामापुरते पैसे द्यायची. म्हणजे नवी खोली बांधायला पैसे मिळायचे, जुन्या भिंतीची ओल बघायला कुणी देत नव्हतं. भिंत उभी होती ना. काही बिघडलं होतं का?

बातमी फुटल्यावर आठवडाभरात देणग्या आल्या, सुमारे ९,००० डॉलर. त्यातल्याही बहुतेक ५ आणि १० डॉलरच्या, साध्या लोकांनी पाठवलेल्या. मार्क्वेस यांनी तेव्हा जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की दमलेल्या मूठभर माणसांच्या नजरेतून ही चूक सुटली यात नवल काही नाही. असं याआधी वरचेवर कसं झालं नाही, याचं नवल करा.

ओपन सोर्सवाल्यांचा एक आवडता सिद्धांत आहे, की कोड उघडा असला की हजारो डोळे तो बघतात आणि चूक लपून राहत नाही. इथे कोड दोन वर्षं सगळ्यांसमोर उघडा होता. पण ग्रामपंचायतीचा जमाखर्च फलकावर लावलेला असतो, तो उभं राहून किती जण वाचतात? बघता येणं वेगळं आणि बघायला माणूस नेमणं वेगळं. गूगल आणि फिनलंडच्या त्या कंपनीला दोष सापडला, कारण तिथे शोधायला पगारी माणसं बसवलेली होती.

मग काय झालं?

२४ एप्रिल २०१४. इकडे आम्ही बूथवरच्या रांगांचे फोटो काढत होतो, तिकडे लिनक्स फाउंडेशनने एक निधी जाहीर केला. गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, ॲमेझॉन, आयबीएम, इंटेल अशा डझनभर कंपन्यांनी दर वर्षी एकेक लाख डॉलर, तीन वर्षं द्यायचं कबूल केलं. एकूण सुमारे ३९ लाख डॉलर. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या कंपन्या वर्गणी काढायला एकत्र आल्या. त्यातून ओपनएसएसएलला दोन माणसांचा पूर्ण वेळ पगार मिळाला.

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लोकांचा मात्र संयम सुटला होता. ओपनएसएसएलने मेमरी हाताळण्याची स्वतःची वेगळी व्यवस्था केली होती, त्यामुळे असल्या चुका पकडणारे ऑपरेटिंग सिस्टीमचे उपाय तिथे लागूच पडत नव्हते, हा त्यांचा मुख्य राग. त्यांनी कोडची प्रत घेऊन झाडलोट सुरू केली. पहिल्या आठवडाभरात सुमारे ९० हजार ओळी काढून टाकल्या आणि त्याला 'लिब्रेएसएसएल' नाव दिलं. गूगलनेही आपली वेगळी चूल मांडली, 'बोरिंगएसएसएल'. बोरिंग म्हणजे कंटाळवाणं. मला हे नाव आवडतं. देखभालीचं काम कंटाळवाणंच असतं.

जग शहाणं झालं का? थोडंफार. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या अशाच फुकट आणि सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात भगदाड सापडलं, तिथेही सांभाळणारे मूठभर स्वयंसेवकच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या साधनात कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. ते साधन वर्षानुवर्षं एकच माणूस सांभाळत होता. तो थकला होता, आणि मदतीला आलो म्हणत जो आला त्यानेच घात केला. तो चोरदरवाजा पकडला गेला, कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हा प्रश्न पडला आणि त्याने तो सोडला नाही.

आता आपल्या सभेकडे

त्या ज्येष्ठ सभासदांना मी दोष देत नाही. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. खर्चाला हिशेब मागणं हे सभासदाचं कामच आहे. पण 'काही बिघडलं नाही' हे आपल्याला कशावरून कळलं? चेअरमन 'काहीच नाही' म्हणाले, ते कुणी तपासून सांगितलं होतं? ओपनएसएसएलही दोन वर्षं 'काही बिघडलं नाही' म्हणूनच चालू होतं. त्या हॉलमध्ये विधवा बायका होत्या, निवृत्त शिक्षक होते, कांद्याचे पैसे ठेवणारे शेतकरी होते. त्यांच्या ठेवींची वही संगणकात आहे. आधार, पॅन, मोबाइल नंबर, वारसाचं नाव, सगळं तिथे.

आणि मघाशी म्हटलं ते आठवा, जुनी आवृत्ती ठेवणारे त्या वेळी वाचले. म्हणून 'नवीन टाका की झालं' असंही नाही. आपल्याकडे नेमकं काय बसवलंय, कोणती आवृत्ती आहे, तिच्यात कालपरवा कुठला दोष सापडला, हे माहीत असणारा एक माणूस लागतो. त्या ओळीतले पैसे त्या माणसाचे असतात. आणि ते पैसे खरंच त्या कामाला जातात का, हे विचारण्याचा हक्क सभासदाचा. रक्कम कापण्याआधी आपण तेही विचारलं नाही.

म्हणून उद्या चेअरमन साहेबांना लेखी अर्ज देतोय. तीनच प्रश्न. आपल्या प्रणालीची तपासणी शेवटची कधी झाली आणि कुणी केली? दोष सापडल्याची बातमी आली तर तो आपल्याकडे आहे का, हे बघायची जबाबदारी कुणाची, नाव काय? आणि निम्म्या पैशात यातलं नेमकं काय होणार नाही? उत्तर आलं की इथेच टाकेन, नाही आलं तर तेही टाकेन.

तुम्ही ज्या पतसंस्थेचे, सोसायटीचे, दूध संघाचे सभासद आहात तिथे हेच प्रश्न विचारा. सभेत उठून विचारा. माझ्यासारखं चिवडा खाऊन घरी येऊ नका.

डबा मात्र घेणार आहे. माझ्याही नावाचा आहे तो.